रात्रभरात लॅपटॉपवर दोन हजार रेणू तपासून होतात, मग गोळी कुठे अडते?

गेजमास्तर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. आता निवृत्त, राहायला चिंचवडला. सौ.ला पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. लिव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी चार-चार तासांनी, शिवाय प्रॅमिपेक्सोल दिवसातून तीनदा. गोळीचा अंमल उतरायला लागला की तिच्या हातातला कप बशीवर वाजायला लागतो. मी घड्याळ न बघता सांगतो किती वाजले.

गेल्या आठवड्यात साडूंची मुलगी आली होती. एम. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यातच. प्रोजेक्ट दाखवायला लॅपटॉप उघडला. पडद्यावर सात उभी वेटोळी, अधेमधे सुटे दोरे, आणि खालच्या अंगाला एक वेगळंच गाठोडं लटकलेलं. म्हणाली, "काका, हा मेंदूतला डी-३ रिसेप्टर, म्हणजे डोपामाइन हे निरोप्या रसायन पकडणारं प्रथिन. रात्री दोन हजार रेणू लावून झोपले, सकाळी यादी तयार." यादीत पहिल्या रेणूला उणे अकरा पॉइंट दोन. उणे जितकं जास्त तितकी पकड घट्ट म्हणे.

आता माझा प्रश्न. लिव्होडोपाला अमेरिकेत १९७० साली मान्यता मिळाली, तेव्हा मी पाचवीत होतो. आज एका रात्रीत दोन हजार किल्ल्या लावून बघता येतात, तर माझ्या बायकोच्या डबीत अजून तीच गोळी का? आणि दुसरं, रिसेप्टर आणि औषधाला सगळे कुलूप-किल्ली म्हणतात. मी टूलरूमवाला माणूस आहे. फिट कसला म्हणता ते नंतर सांगा, आधी टॉलरन्स सांगा, म्हणजे मापात किती फरक चालतो ते.

टवाळ_तुळशीबाग

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपॅथी कितव्या प्रतिसादात सुरू होतं बघू. माझा अंदाज सातवा.

विनावादक

काका, टॉलरन्सचा प्रश्न इतक्या वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. माझे विद्यार्थीसुद्धा नाहीत. पोटापाण्याचा धंदा हाच आहे (पाषाणला असतो), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेली सात वेटोळी म्हणजे पेशीच्या पापुद्र्यातून सात वेळा आरपार गेलेलं प्रथिन. या घराण्याला जीपीसीआर म्हणतात. माणसात साधारण आठशे आहेत, त्यातले निम्म्याच्या आसपास तर वास ओळखण्याच्या कामाला. बाजारातल्या औषधांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा याच घराण्यावर चालतो. वरच्या बाजूला एक खोबण असते, डोपामाइन तिथे येऊन बसतं, प्रथिन किंचित वळतं आणि पेशीच्या आत निरोप पोचतो.

डॉकिंगचा प्रोग्राम काय करतो, तर रेणू त्या खोबणीत हजारो प्रकारे फिरवून, वाकवून ठेवून बघतो आणि प्रत्येक बैठकीला गुण देतो. ही कल्पना १९८२ ची, कॅलिफोर्नियातल्या कुंट्झ यांच्या गटाची. २०१० साली ऑटोडॉक व्हिना आला. फुकट, वेगवान, साध्या लॅपटॉपवर पळणारा. तेव्हापासून हे घरोघरी झालं. (माझं इथलं नाव त्यावरूनच. वीणा मला वाजवता येत नाही.)

आता टॉलरन्स. एका मायक्रॉनमध्ये दहा हजार अँगस्ट्रॉम. दोन कार्बनमधला साधा बंध १.५४ अँगस्ट्रॉमचा. आणि अशा रिसेप्टरचं जे चित्र आपल्या हातात असतं त्याची स्पष्टता बऱ्याचदा ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास. म्हणजे ज्या ड्रॉइंगवरून किल्ली करायची ते ड्रॉइंगच थोडं धूसर.

ते उणे अकरा पॉइंट दोन आहे ना, ते किलोकॅलरीत असतं. त्यात १.४ ची चूक झाली की पकड दहापट चुकते. आणि १.४ ची चूक ही या धंद्यात चूक धरतच नाहीत, इतकी रोजची. कारण प्रोग्राम प्रथिनाला लोखंडासारखं ताठ धरतो, खरं तर ते थरथरत असतं. खोबणीत पाण्याचे रेणू असतात, ते आपण आधीच पुसून टाकतो. म्हणून या यादीला मी चाळणी म्हणतो. दोन हजारांतले पन्नास वर काढायला ती चांगली. त्या पन्नासात पहिला कोण, हे तिला विचारू नये.

बाकी एक विचारायचं होतं. ते खाली लटकलेलं गाठोडं तुम्हाला नक्की दिसलं का? भाचीला एवढंच विचारा की रिसेप्टरची कुठली रचना घेतली आणि पेटी, म्हणजे प्रोग्रामने रेणू जिथे बसवून बघायचे ती चौकट, कुठे ठेवली. तिला कळेल.

हिंजवडी_फेज_तीन

विनावादक, प्रतिसाद छान, पण डॉकिंग आता जुनं झालं हो. अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने प्रथिनांच्या रचनेचा प्रश्नच निकालात काढला. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जंपर यांना मिळालं ते उगाच नाही. आता तर एआय रेणू स्वतःच बनवतं. पाच वर्षांत प्रयोगशाळांना कुलूप लागेल, लिहून ठेवा.

काळं_डांबर

ठेवलं लिहून.

फेज तीन, जरा दमानं घ्या. मी बावीस वर्षं फ्लास्क हलवतोय. संगणकवाल्यांनी पाठवलेले रेणू कसे असतात ते ऐका. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाकडून यादी आली, मेंदूच्या कुठल्याशा रिसेप्टरसाठी वीस रेणू. कागदावर एकेक रेणू असा, की फ्रेम करून भिंतीवर लावावा. त्यातला तिसरा करायला चौदा पायऱ्या. नऊ पायऱ्या सरळ गेल्या. दहाव्या पायरीला रात्री दोन वाजता फ्लास्कमध्ये जे उरलं त्यावरून इथलं नाव घेतलंय. गिऱ्हाइकाचा मेल: "स्कोअर फार चांगला आहे, पुन्हा प्रयत्न करा." स्कोअर चांगला आहे हे डांबराला कोण सांगणार?

पण फक्त तक्रार करत नाही. २०१९ साली एका गटाने उलटा विचार केला. करता येतील असेच रेणू आधी कागदावर मांडायचे, म्हणजे ठरलेले घटक आणि खात्रीच्या एक-दोन अभिक्रिया, आणि मग तेवढेच डॉक करायचे. डोपामाइनच्याच डी-४ रिसेप्टरवर १३ कोटी ८० लाख रेणू लावले. एका रेणूला एक सेकंद धरला तरी एका कोअरवर चार वर्षांच्या वर जातील, म्हणून शेकडो कोअर लावावे लागतात. त्यातले ५४९ खरोखर बनवून तपासले. एक तर १८० पिकोमोलरला धरणारा निघाला. ही पकड म्हणजे चेष्टा नाही. ते वाचलं त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये संगणकवाल्या पोरांना स्वतःच्या पैशाने वडापाव दिला.

तरी बघा, सापडला तो रेणू. औषध नव्हे.

आणि एआयचं म्हणाल तर डीएसपी-११८१ हे नाव शोधा. सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या एका रिसेप्टरसाठी, ओसीडीवर (मंत्रचळावर). एरवी साडेचार वर्षं लागतात ते काम वर्षाच्या आत झालं अशी जानेवारी २०२० मध्ये केवढी बातमी होती. माणसांवरच्या पहिल्याच टप्प्यानंतर बंद केलं. साडेतीन वर्षं वाचवली म्हणावं तर वाचवली, पण मधल्या स्टेशनावर लवकर पोचलं म्हणून गाडी मुंबईला पोचली असं होत नाही.

लक्ष्मीरोडची_काकू

मला यातलं विज्ञान फारसं कळत नाही, पण मॅचिंग सेंटर चांगलं कळतं. आमच्या सासऱ्यांचं दुकान होतं, लग्न झाल्यापासून मी गल्ल्यावर. बायका साडी घेऊन यायच्या, आमचा मुलगा गठ्ठ्यातून सात-आठ मोरपिशी काढून साडीवर टाकायचा. ट्यूबलाइटखाली चार तर हमखास जुळायचे. जाणत्या बाया कापड घेऊन दुकानाबाहेर फुटपाथवर जायच्या, उन्हात धरायच्या, आणि चारातले तीन परत आणून टाकायच्या. उरलेला एक घरी जायचा, पहिल्या धुण्यात रंग सोडायचा, आणि मग भांडायला आमच्याकडे.

डॉकिंग म्हणजे ट्यूबलाइट असं समजले मी. बरोबर का विनावादक?

विनावादक

काकू, पुढच्या बॅचला पहिल्या तासाला हेच सांगणार. तुमच्या नावासकट.

खानदेशी_वांगं

मी पत्रिका जुळवण्याची उपमा देणार होतो, छत्तीसपैकी तेहेतीस गुण वगैरे. काकूंपुढे मागे घेतो.

वैद्य_सदाशिव_पेठ

एवढे कोटी कोटी रेणू कशाला? आपल्याकडे कपिकच्छू, म्हणजे आपली खाजकुयली, कंपवातावर पूर्वापार आहे. तिच्या बियांत लिव्होडोपाच असतं, हे आता आधुनिक शास्त्रही मान्य करतं. सर्पगंधेचं तेच. संगणक नव्हता तेव्हाही औषधं होती.

टवाळ_तुळशीबाग

सातवा म्हणालो होतो, आठवा निघाला. एकाचाच फरक. माझा स्कोअर व्हिनापेक्षा बरा.

डॉक्टरीणबाई_निवृत्त

वैद्यराज, अर्धं तुमचं खरं आहे आणि उरलेलं अर्धं त्याहून रंजक आहे. सांगते.

सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला, रक्तदाबासाठी. त्यानंतर १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. हे रेसर्पिन मेंदूत काय करतं? ते डोपामाइनच्या रिसेप्टरवर बसत नाही, तर डोपामाइन साठवून ठेवणाऱ्या पुड्या भरणारा पंपच बंद पाडतं. साठा संपतो. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे दगडासारखे बसून राहिले. मग लिव्होडोपा टोचलं आणि ससे उठून चालायला लागले. त्यावरून पार्किन्सन्समध्ये कमी काय पडतंय याचा माग लागला. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. म्हणजे गेजमास्तर, तुमच्या घरातल्या गोळीच्या वंशावळीत सर्पगंधा आहे, पण ती आजार निर्माण करणारी म्हणून. कंपवाताच्या रुग्णाने सर्पगंधा घेऊ नये, कृपया.

खाजकुयलीत लिव्होडोपा असतं हे खरं. पण कुठल्या चूर्णात किती, ते दर डबीला बदलतं, आणि वर गोळीही चालू असेल तर एकूण डोस कुणालाच कळत नाही. आधीच चार-चार तासांचा हिशेब सांभाळणाऱ्या घरात हा गोंधळ नको.

आता मूळ प्रश्नाकडे. गोळी अडते त्यातलं एक मोठं ठिकाण म्हणजे मेंदूचा उंबरठा. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा चिकटून शिवलेल्या असतात की ऐरागैरा रेणू आत जात नाही. डोपामाइन स्वतःसुद्धा जात नाही. लिव्होडोपा जातं, कारण ते अमिनो आम्लांसाठी असलेल्या दारातून, त्यांच्यापैकीच एक असल्यासारखं शिरतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. म्हणून भरपूर वरण, पनीर खाऊन लगेच गोळी घेतली तर कित्येकांना ती नीट चढत नाही, दारात गर्दी होते. वेळा कशा ठेवायच्या ते तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. कार्बिडोपा उंबरठ्याबाहेरच राहतं आणि बाहेरच्या बाहेर लिव्होडोपाची नासाडी थांबवतं.

आत शिरलेल्याला हाकलणारे पंपही आहेत. लोपेरामाइड हे जुलाबाचं औषध अफूच्या रिसेप्टरवरच बसतं, पण नेहमीच्या डोसला पंप त्याला मेंदूतून बाहेर फेकतात, म्हणून नशा चढत नाही. रिसेप्टरशी जुळतं का एवढंच बघणाऱ्या प्रोग्रामला यातलं काहीच दिसत नाही.

शुद्धलेखन_सम्राट

रिसेप्टरला 'ग्राही' हा सुटसुटीत मराठी शब्द आहे. वापरायला काय हरकत आहे?

टवाळ_तुळशीबाग

काहीच नाही. फक्त केमिस्टकडे जाऊन मागू नका.

रात्रपाळी

डी-३ रिसेप्टरचं नाव वाचून राहवलं नाही. सहसा इथे घरचं लिहीत नाही.

माझे वडील बँकेतून निवृत्त. रिक्षावाल्याकडून दोन रुपये सुटे घेतल्याशिवाय न उतरणारा माणूस. पार्किन्सन्सवर एक गोळी सुरू झाली, डोपामाइनची नक्कल करणारी, प्रॅमिपेक्सोलच्याच जातकुळीतली. हात सुधारला. पाच-सहा महिन्यांनी आईच्या लक्षात आलं की बाबा पहाटे तीनला उठून फोनवर रमी खेळतात. मी बँकेचं स्टेटमेंट काढलं तर मुदत ठेव मोडलेली. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "आज वसूल होणार आहेत." माझ्या वडिलांचा आवाज होता, पण वाक्य दुसऱ्याच कुणाचं. आम्ही वयावर ढकललं, संगतीवर ढकललं. शेवटी नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "खरेदी, जुगार असलं काही वाढलंय का?" आई तिथेच रडली. गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली, दोन महिन्यांत रमी आपोआप सुटली.

नंतर वाचलं, या गोळ्या डी-३ ला जास्त धरतात, आणि डी-३ मेंदूच्या हव्यास-बक्षीसवाल्या भागात दाटीने असतो. तेव्हा 'पकड घट्ट' ऐकलं की मला जरा धडकीच भरते.

गेजमास्तर, घाबरवायचं नाही. आमच्या शेजारच्या काकू तीच गोळी घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत. पण लक्ष असू द्या, आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

डॉक्टरीणबाई_निवृत्त

रात्रपाळी, लिहिलंत हे फार बरं केलंत. सुरुवातीलाच घरच्यांना सांगायला हवं असतं, गर्दीत राहून जातं. मी स्वतः राहून दिलेलं आहे.

याच्याच जोडीला पर्गोलाइड सांगते. तीही डोपामाइनची नक्कल. पण तिने हृदयाच्या झडपांवरचा सेरोटोनिनचा ५-एचटी-२बी रिसेप्टरही पकडला, झडपा जाड व्हायला लागल्या, आणि २००७ मध्ये अमेरिकेत ती बाजारातून काढली. किल्ली आपल्या कुलपाला लागते एवढं बघून भागत नाही, शेजाऱ्यांच्या कुलपांना लागत नाही ना तेही बघावं लागतं. इथे संगणक खरंच कामाचा आहे. एकच रेणू पन्नास नको असलेल्या रिसेप्टरवर आधीच लावून बघता येतो.

काळं_डांबर

बाईंना +१. आणि त्यांच्या उंबरठ्याच्या मुद्द्यावर एक भर, कारण मला ही गोष्ट फार आवडते. झॅनोमेलिन नावाचा रेणू नव्वदच्या दशकातला. मेंदूतल्या मस्करिनिक रिसेप्टरवर उत्तम, भ्रम-भास कमी व्हायचे, पण पोटातल्या त्याच रिसेप्टरांना डिवचल्यामुळे उलट्या आणि घाम. बासनात गेला. पुढे कुणीतरी त्याला ट्रॉस्पियमची जोड दिली. हे त्याच रिसेप्टरांना अडवतं, पण उंबरठा ओलांडून मेंदूत फारसं शिरतच नाही. बाहेर शांतता, आत काम. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मान्य झालं. कार्बिडोपाचीच युक्ती, नव्या घरात. यात ना कोटींचं डॉकिंग, ना एआय.

हिंजवडी_फेज_तीन

तुम्ही सोयीची उदाहरणं काढताय. उलोटारॉन्ट बघा. उंदरांच्या वागण्याचे व्हिडिओ मशीनला शिकवून निवडलेलं औषध, रिसेप्टर आधी न ठरवता! विचार करण्याची पद्धतच नवी आहे.

काळं_डांबर

बघितलं. २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या दोन्ही चाचण्यांत साखरेच्या गोळीला मागे टाकू शकलं नाही. तिथे साखरेच्या गोळीवालेच इतके सुधारले की फरक दिसेना. याला ना तुमचं मशीन जबाबदार ना माझा फ्लास्क. मेंदूच्या आजारांत उंदीर 'मला बरं वाटतंय' असं सांगत नाही, आणि माणूस सांगतो ते कधीकधी डॉक्टर प्रेमाने बोलले म्हणून. माणसांवरच्या चाचण्यांत उतरणाऱ्या दहातले नऊ पडतात. तुम्ही ते उतरणारे लवकर उतरवाल. पडायचे ते पडतीलच.

हिंजवडी_फेज_तीन

बरं. पाच वर्षांचं दहा करतो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

कर्वेनगर_कट्टा

एवढ्या चर्चेत आपल्या परम महासंगणकाचा उल्लेख नाही? १९८८ साली सी-डॅक पुण्यात निघालं, भटकर सरांनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. आयसर या इथल्या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आहे. भाचीला सांगा, लॅपटॉपवर कशाला, तिकडे चालवायचं!

विनावादक

कट्टेकर, अभिमान मलाही आहे. पण दोन हजार रेणूंसाठी परम म्हणजे मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणायला ट्रक नेणं. महासंगणक लागतो तो पुढच्या टप्प्याला. निवडक पाच-दहा रेणू घेऊन, रिसेप्टर, भोवतीचा चरबीचा पापुद्रा, पाणी, मीठ असे लाखभर अणू मांडायचे आणि ते क्षणाच्या अब्जाव्या भागापासून पुढे कसे हलतात ते बघायचं. तेव्हा कळतं की डॉकिंगमध्ये ऐटीत बसलेला रेणू थोड्याच वेळात खोबणीतून उठून चालता होतो.

कर्वेनगर_कट्टा

रच्याकने (बाय द वे), मंडईत ट्रक न्यायला परवानगी कधीपर्यंत असते? गंभीर प्रश्न आहे, घर बदलतोय.

खानदेशी_वांगं

धागा भरकटला. नेहमीच्या वेगाने.

गेजमास्तर

मंडळी, उशीर झाला. गुरुवारी लाईट नव्हती, मग भाची शनिवारी आली. सगळे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. रात्रपाळींचा मी आणि सौ.ने दोघांनी एकत्र वाचला. वाचून झाल्यावर सौ. म्हणाली, "मला पत्ते येतच नाहीत." पण सोमवारच्या भेटीत डॉक्टरांना सांगणार आहोत. दुपारच्या जेवणात अलीकडे तिचा साड्यांच्या साइटवर फार वेळ जातो, ते मी धरलंच नव्हतं.

आता विनावादकांच्या गाठोड्याविषयी. भाचीला विचारलं, पेटी कुठे ठेवली होती? ती म्हणाली, सगळ्या प्रथिनाभोवती, म्हणजे कुठलीच जागा सुटायला नको. मग तिने यादीतले पहिले दहा एकेक करून पडद्यावर आणले. सहा वर खोबणीत. चार त्या खालच्या गाठोड्यात. तो उणे अकरा पॉइंट दोनवाला, पहिला नंबर, गाठोड्यातच. पोरगी पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, गाईडसमोर दोनदा प्रेझेंटेशन झालं. कोणीच विचारलं नाही."

गाठोडं आहे काय ते?

विनावादक

काका, हीच शंका होती. ते रिसेप्टरचं नाहीच. २०१० साली डी-३ ची जी पहिली रचना आली तिच्यासाठी प्रथिनाचे स्फटिक करायचे होते. हे रिसेप्टर लिबलिबीत, स्फटिक होताना नीट रांगेत बसत नाहीत. म्हणून आतल्या बाजूचा एक लोंबता भाग कापून तिथे टी-४ लायसोझाइम नावाचं घट्ट, आटोपशीर प्रथिन जोडलं. ते जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूचं आहे. माणसाच्या मेंदूत त्याचं काहीही काम नाही.

गेजमास्तर

म्हणजे फिक्स्चर! जॉब हलू नये म्हणून क्लॅम्प लावला, आणि पोरीने क्लॅम्पचं माप घेऊन किल्ली केली.

आमच्याकडे एका अ‍ॅप्रेंटिसने असं केलं होतं. व्ही-ब्लॉकसकट माप घेतलं होतं. आठ दिवस त्याला ब्लॉक म्हणून हाक मारायचे.

विनावादक

नेमकं. भाचीला नाव ठेवू नका, छापून आलेल्या निबंधांतसुद्धा हे झालेलं मी पाहिलंय. तिला तीन गोष्टी सांगा.

लायसोझाइम काढून टाक आणि पेटी फक्त खोबणीभोवती ठेव.

आधी गेज तपास. त्या रचनेत एटिक्लोप्राइड नावाचा रेणू मुळात बसलेला आहे. तो बाहेर काढून प्रोग्रामला परत बसवायला सांग. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला तर तो तुमचा गो गेज, म्हणजे बरोबर नग ज्यात जायलाच हवा ते माप. आणि नो-गो गेजही लागतो, म्हणजे ज्यात नग जाताच कामा नये ते माप. दिसायला तसेच पण न बसणारे रेणू यादीत मिसळायचे. प्रोग्रामने त्यांनाही वर काढलं तर त्या यादीला अर्थ नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एटिक्लोप्राइड हा रिसेप्टर बंद ठेवणारा रेणू आहे, म्हणजे ते चित्र बंद अवस्थेतलं. त्यावर जे छान बसतील ते बहुतेक बंद ठेवणारेच असतील. पार्किन्सन्समध्ये हवा चालू करणारा. बंद करणाऱ्याने काकूंचा कप जास्तच वाजेल. २०२१ मध्ये डी-३ च्या चालू अवस्थेतल्या रचना आल्या आहेत, त्यातल्या एकीत खोबणीत बसलेला रेणू आहे प्रॅमिपेक्सोल. काकूंच्या डबीतलाच. तिथून सुरुवात करू दे.

गेजमास्तर

परवा रात्री भाची इथेच राहिली. मी कधी नव्हे ते अकरापर्यंत जागा होतो. प्रॅमिपेक्सोल काढून परत बसवला, फरक आला एक पॉइंट एक अँगस्ट्रॉम. गो गेज गेला म्हणायचा. मग सौ.ला बोलावून पडद्यावर दाखवलं, ही तुझी पांढरी गोळी इथे अशी बसते. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "एवढी आत जाते, मग दुपारी तीनला बाहेर का येते?" भाची म्हणाली, मावशी, हे प्रोजेक्टमध्ये नाहीये.

नो-गोवाले मिसळल्यावर यादीची दाणादाण उडाली. नव्याने चालू आहे. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला साधारण मिळालं. एका रात्रीत जे झालं ते ड्रॉइंगवर खूण करण्याएवढं काम होतं, मी त्याला पार्ट समजत होतो. सगळ्यांचे आभार. वैद्यराजांचेही, सर्पगंधेमुळे ससे कळले.

लक्ष्मीरोडची_काकू

गेजमास्तर, सौ.ना सांगा, साड्या साइटवर घेऊच नये. उन्हात धरता येत नाही.

नवीन_सभासद_२२

छान धागा, वाचनखूण साठवली आहे. भाचीचा लॅपटॉप कुठला आहे? मुलाला बी. फार्मसाठी घ्यायचाय, बजेट पन्नास हजार.

गेजमास्तर

जुना आहे, ताईचा वापरलेला. पंखा लेथसारखा आवाज करतो. रात्री खाली दोन पेन्सिली ठेवून उचलून ठेवावा लागतो, नाहीतर तापून बंद पडतो. घेताना पंखा ऐकून घ्या.